पहिल्यांदाच ॲनिमे कन्व्हेन्शनला चाललोय, साताऱ्याहून. काय काय सांभाळायचं?

रेवाची_आई (सातारा)

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावीत आहे. गेली तीन वर्षं ती मन लावून ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघते. सबटायटल वाचत वाचत जपानी शब्दही उचलते. वहीच्या मागच्या पानांवर त्यातलीच माणसं काढलेली असतात. वर्गात, कॉलनीत, नात्यात हे बघणारं दुसरं कुणी नाही. जे काही बोलायचं ते फोनवर, कधी न भेटलेल्या मैत्रिणींशी.

पुढच्या महिन्यात मुंबईला, गोरेगावला, ॲनिमेचं मोठं कन्व्हेन्शन, म्हणजे चाहत्यांचा मेळा, आहे. दहावीच्या वर्षी तिला शब्द दिला होता, तो पाळायचाय. आम्ही दोघीच जाणार. तिला कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश, करायचाय, ‘डेमन स्लेयर’ या ॲनिमेतल्या तांजिरोचा. जायचं कसं, गर्दीत काय सांभाळायचं, कपडे शिवून घ्यावेत की मागवावेत, पैसे किती न्यावेत, सगळंच विचारायचंय. जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सासऱ्यांना वाटतं की कार्टून बघायला एवढ्या लांब कशाला. त्यांनाही नीट समजावून सांगायचं आहे.

---

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, शब्द पाळताय हे वाचून फार बरं वाटलं. मी आतापर्यंत चार वेळा गेलोय, दोनदा कॉमिक कॉनला आणि दोनदा निव्वळ ॲनिमेच्या मेळ्याला. दोन्हींत फरक असतो. आपल्याकडे कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत सुरू झालं. तिथं कॉमिक्स, हॉलिवूड, गेम असं सगळंच असतं आणि ॲनिमे हा त्यातला एक भाग. ॲनिमेच्या मेळ्यात मात्र दारापासून तेच. त्यामुळे रेवाला पहिलाच अनुभव अशा ठिकाणी मिळतोय हे उत्तम.

प्रवासाचं आधी. नेस्कोचं प्रदर्शन केंद्र गोरेगाव पूर्वेला हायवेला लागूनच आहे. गोरेगाव स्टेशनपेक्षा राम मंदिर स्टेशन जवळ पडतं, पण तिथं फास्ट लोकल थांबत नाही, स्लो पकडा. आम्ही सांगलीकर महालक्ष्मी एक्सप्रेसनं जातो. ती साताऱ्याला मध्यरात्रीच्या सुमारास येते आणि तुमचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला. म्हणून रिक्षा संध्याकाळीच ठरवून ठेवा. सकाळी दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल धरायची. एसटीनं जायचं तर २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धं तिकीट आहे, दोघींचं मिळून एकाच तिकिटाचे पैसे पडतील. सातारा स्टँडवर बोरिवलीच्या गाडीची चौकशी करा. हायवेवर उतरता आलं तर लोकलची दगदगच नको.

आता खरं सांगायचं ते. पहिल्या वेळी मी कार्यक्रमांची यादी छापून नेली होती. अकरा गोष्टींवर खुणा केल्या होत्या. एका हॉलमधनं दुसऱ्या हॉलमध्ये पळत राहिलो, प्रत्येक ठिकाणी रांगेच्या शेवटी. संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलो तेव्हा लक्षात आलं, की दिवसभरात कुणाशी एक वाक्यसुद्धा बोललो नाही. आणि गेलो होतो ते तेवढ्यासाठीच! सांगलीत माझ्याशी या विषयावर बोलणारं कुणी नव्हतं, जसं रेवाच्या बाबतीत आहे. दुसऱ्या वेळी दोनच गोष्टी ठरवल्या, एक जपानी पाहुण्यांचा कार्यक्रम आणि एक कॉस्प्लेची स्पर्धा. बाकी वेळ नुसता हिंडलो. माझ्या टी-शर्टवरचं चित्र बघून नाशिकचा एक मुलगा थांबला. आजही रोज बोलणं होतं आमचं.

तेव्हा रेवाला म्हणावं, दोन गोष्टी निवड. तिसरी राहिली तर राहू दे.

तिकीट फोनवर तर ठेवाच, शिवाय कागदावर छापून घ्या. आत हजारो माणसं एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतात, नेटवर्क बसतं. त्याच कारणानं यूपीआयवर विसंबू नका, शंभर-दोनशेच्या नोटा जवळ असू द्या. तिकिटावरच्या अटी नीट वाचा. वयाची अट, बाहेरचं खाणं चालतं का, एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेतात का, हे दरवेळी वेगळं असतं.

---

जांभळी_छत्री (कराड)

धागा वाचतेय. मलाही जायचंय, पण मी चाळिशीची आहे. तिथं सगळी कॉलेजची पोरंच असतात का?

---

कृष्णाकाठ (सांगली)

बिनधास्त या. केबलवर हिंदीतलं ॲनिमे बघत वाढलेली पिढी आता मुलाबाळांची झाली आहे आणि त्यांतले कितीतरी जण मुलांना घेऊन येतात. मागच्या खेपेला एक आजोबा नातवाच्या बरोबरीनं डोक्याला पट्टी बांधून हिंडत होते.

---

रंगपट_सांगली

मी गेली बावीस वर्षं हौशी नाटकांची रंगभूषा करते. राज्य नाट्य स्पर्धा, शाळांची गॅदरिंग, सगळं. माझ्या भाचीमुळे कॉस्प्लेत शिरले आणि आता दरवर्षी दोघी-तिघी मुली तयारीला येतात. म्हणून त्याबद्दलच लिहिते.

टोप, म्हणजे विग. नवीन टोप आला की त्याला चमक फार असते, फोटोत तो प्लॅस्टिकचा दिसतो. थोडी टाल्कम पावडर मोठ्या ब्रशनं मारा आणि झटका. स्वतःचे केस मोकळे ठेवून वर टोप चढवू नका. लांब केस असतील तर दोन पेडांच्या वेण्या घाला, त्या डोक्यावर चपट्या गुंडाळा, क्लिपा लावा, वर जाळीची टोपी, मग टोप. अंबाडा घातला तर मागं उंचवटा येतो. आणि घरी तो टोप घालून सलग तीन तास वावरा. भाजी चिरा, अभ्यास करा. कुठं टोचतं, कुठं घसरतं, ते घरीच कळलं पाहिजे.

तांजिरोच्या कपाळावर खूण असते. ती स्केच पेनानं काढू नका! दरवर्षी कुणीतरी काढतं आणि मग तीन दिवस कपाळ लाल घेऊन फिरतं. रंगभूषेचे रंग वापरा. आदल्या आठवड्यात कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून एक दिवस बघा, खाज आली तर तो रंग नको. लावल्यावर पावडरनं बसवा. मुंबईत घाम येणारच. घाम पुसायचा नाही, टिपायचा. सुती रुमाल दाबून उचला, ओढू नका.

एक गोष्ट मला भाचीनं सांगितली, ती इथं सांगावीशी वाटते. तांजिरोच्या अंगावरच्या हिरव्या-काळ्या चौकडीला जपानीत इचिमात्सु म्हणतात. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु नावाचा एक काबुकी, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकातला, नट होता. त्यानं रंगमंचावर त्या चौकडीचा पोशाख घातला, लोकांना तो भयंकर आवडला आणि नक्षीला त्याचंच नाव पडलं. नाटकवाल्याचा कपडा! सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या गावात बसून मी हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. त्या दिवसापासून कुणी कॉस्प्लेला पोरखेळ म्हटलं की मी त्यांना हे सांगते. रेवाच्या आजोबांनाही सांगा.

---

रेवाची_आई (सातारा)

रंगपटताई, सासऱ्यांना रात्री जेवताना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण ‘त्या नटाचं नाव परत सांग’ म्हणाले.

आता कपड्याचा प्रश्न. ऑनलाइन मागवलेली हाओरी, म्हणजे तांजिरोचा तो चौकडीचा अंगरखा, आली ती पातळ, चकचकीत पॉलिस्टरची. त्यात मुलगी उकडून जाईल. परत पाठवली. इथल्या शिंप्यांकडे गेले तर ते म्हणाले, चौकोन कापून जोडायचे तर शंभरावर तुकडे होतात, एवढं काम गणपतीच्या तोंडावर घेता येणार नाही. त्यांचंही बरोबर आहे. काय करावं?

---

कृष्णाकाठ (सांगली)

जोडू नका, रंगवा. माझ्या बहिणीनं तसंच केलं होतं. हिरवं सुती पॉपलीन घ्या, आधी धुवा म्हणजे आटायचं ते आटेल आणि खळ निघून जाईल. न धुतलेल्या कापडावर रंग नीट धरत नाही. शिंप्याला साधा, पुढनं उघडा, बाह्या रुंद असलेला अंगरखा शिवायला सांगा. पण चौकोन रंगवायचे ते शिवायच्या आधी, कापड सपाट असताना. मधल्या शिवणीवर चौकोन जुळले पाहिजेत, तेवढं शिंप्याला समोर बसून दाखवा.

---

फोमवाला_मिरज

तांजिरोच्या वेशात तलवार लागते, तिचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. धातूची, धारेची, खऱ्यासारखी जड, असली काहीही वस्तू दारावरच काढून घेतात. लाकडी चालेल का हे नियमांत बघा, पण मी तर म्हणतो फोमचीच करा. पाच-सहा तास हातात वागवायची असते, वजन नको.

ईव्हा फोम लागतो. चपलांचे सोल ज्याचे करतात तोच. त्यामुळं चपलांचं साहित्य मिळतं त्या दुकानात शीट मिळते, ऑनलाइनपेक्षा स्वस्त. मी मिरजेतनंच घेतो. पाच मिलिमीटरच्या दोन पट्ट्या आणि मधी पीव्हीसीची बारीक नळी, नाहीतर पातं वाकतं. चिकटवायला फेविबाँड. लोक चुकतात ते इथं. दोन्ही बाजूंना लावायचं, मग दहा-पंधरा मिनिटं गप बसायचं. बोट लावल्यावर चिकट लागलं पाहिजे पण बोटाला येता कामा नये. मग दाबायचं. ओलं असताना दाबलं तर कधीच धरत नाही. आणि एकदा धरलं की सरकत नाही, म्हणून आधी पेन्सिलीनं खूण करा. खिडक्या उघड्या ठेवा, वास लई उग्र असतो.

मग हीट गननं वरनं शेक द्या, फोमची छिद्रं मिटतात. वर फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. आमच्या शेजारी सतारी करणारं घर आहे. त्यांचं पॉलिश बघत लहानाचा मोठा झालो. एक हात वाळायच्या आत दुसरा दिला की सगळं काम वाया, हे तिथंच शिकलो. शेवटी ॲक्रिलिक रंग.

लोकलमध्ये नेताना तलवार जुन्या चादरीत गुंडाळून न्या. पोलिसांनी विचारलं तर लागलीच उघडून दाखवा, घाबरायचं काही नाही.

---

शाई_आणि_कागद (सातारा)

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं बोलते. मी चित्रकार आहे, अशा मेळ्यांत आर्टिस्ट ॲलीत, म्हणजे चित्रकारांच्या टेबलांच्या गल्लीत, टेबल घेऊन बसते. स्वतःची प्रिंट, स्टिकर, बॅज, कीचेन विकते. राहते साताऱ्यातच, यवतेश्वरच्या पायथ्याशी.

रेवा चित्रं काढते हे वाचलं म्हणून मुद्दाम लिहितेय. तिला म्हणावं, वही बरोबर घेऊन ये. आर्टिस्ट ॲलीत दुपारी बारा ते तीन तुडुंब गर्दी असते, तेव्हा आम्हाला मान वर करायला सवड नसते. सकाळी पहिल्या तासात नाहीतर शेवटच्या तासात या. तेव्हा आम्ही मनापासून बोलतो. कागद कुठला, छपाई कुठून, टेबल कसं मिळालं, सगळं सांगतो. विकत काही घेतलंच पाहिजे असं नाही. फक्त टेबलावरच्या चित्रांचे फोटो न विचारता काढू नका. तो फोटो पुढं कुठंतरी टी-शर्टवर छापून येतो, माझ्या बाबतीत हे झालंय.

प्रिंट घेणार असाल तर कडक पुठ्ठ्याचं फोल्डर न्या. पहिल्या वर्षी मी घेतलेलं एक सुंदर चित्र सॅकमध्ये डब्याखाली दुमडलं. आजही भिंतीवर आहे, मधोमध घडीसकट.

टोकियोतला कॉमिकेट, म्हणजे चाहत्यांनी स्वतः छापलेल्या कॉमिक्सचा मेळा, १९७५ च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हा स्वतःचं छापून विकणारे ३२ गट होते आणि आलेली माणसं सातशेच्या आसपास. आज तो जगातला या प्रकारचा सगळ्यात मोठा मेळा आहे. म्हणजे पाया घातला तो वहीत चित्रं काढणाऱ्यांनीच. मोठ्या कंपन्यांचे स्टॉल झगझगीत असतात, लक्ष तिकडं जाणारच, पण ॲलीला निदान एक तास द्या.

आणि फिगर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, घेताना जपून. एका स्टॉलवरून मी हौसेनं एक महागडी फिगर घेतली. घरी डबा उघडला तर रंगाचा दर्प, डोळे किंचित तिरके छापलेले, हात जोडावर सैल. बनावट होती. डब्यावर जपानी उत्पादकाचं नाव आणि शिक्का आहे का, छपाई स्वच्छ आहे का ते बघा. त्याच फिगरची किंमत जाण्याआधी दोन ठिकाणी पाहून ठेवा. निम्म्या भावात मिळत असेल तर ती खरी नसते.

---

माहुलीचा_घाट

विरोध म्हणून नाही, काळजी म्हणून विचारतो. प्रवास, तिकीट, कपडे, खरेदी धरून सात-आठ हजार सहज जातील. अकरावीचं वर्ष. एवढ्या खर्चात दुसरं काही उपयोगी झालं नसतं का? आणि गर्दीत मुलींना त्रास होतो असंही ऐकलंय.

---

शाई_आणि_कागद (सातारा)

प्रश्न रास्त आहे. खर्चाचं घरोघरचं गणित वेगळं, त्यात मी बोलणार नाही. एवढंच सांगते, मी आज ज्या कामावर घर चालवते ते काम अस्तित्वात आहे हे मला अशाच एका मेळ्यात कळलं. त्याआधी चित्रकला म्हणजे ड्रॉइंग मास्तर, एवढंच मला माहीत होतं.

त्रासाबद्दल स्पष्ट लिहिते. होतो कधीकधी. कुणी न विचारता फोटो काढतं, कुणी फोटोच्या निमित्तानं खांद्यावर हात टाकतं. वेश केलाय म्हणून कुणाला हात लावायची मोकळीक मिळत नाही. रेवानं घरी आरशासमोर एक वाक्य मोठ्यानं म्हणून सराव करावा: ‘हात नको, बाजूला उभे राहा.’ ऐनवेळी तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून सराव. आत गेल्या गेल्या मदत कक्ष कुठं आहे ते बघून ठेवा, स्वयंसेवकांचे टी-शर्ट ओळखून ठेवा. तक्रार केली की ते धावून येतात, माझ्या डोळ्यांसमोर एकाला बाहेर काढलंय. आणि रेवानंही दुसऱ्याचा फोटो घेताना आधी विचारायचं. कुणी जेवत असेल, टोप काढून बसलं असेल, तर तेव्हा नाही.

---

रंगपट_सांगली

राहिलेलं थोडं. एक छोटी पिशवी वेगळी करा: सेफ्टी पिना, सुई-दोरा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, क्लिपा, फेविक्विक, ओले टिश्यू, डोकेदुखीची गोळी. पायात साधे बूटच, पोशाखाची पादत्राणं फोटोपुरती. प्रवास साध्या कपड्यांत करा, तिथं जाऊन बदला. आणि दशम्या बांधून घ्या, दुधातल्या. आत नेऊ दिल्या नाहीत तरी गाडीत कामाला येतात.

---

रेवाची_आई (सातारा)

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, पण सविस्तर लिहिते.

खण आळीतून हिरवं पॉपलीन घेतलं. पुठ्ठ्याचा चार इंची साचा कापला आणि दिवाणखान्यात सतरंजीवर कापड अंथरलं. पहिल्या ओळीत रंग साच्याखाली शिरला, कडा फाटल्यासारख्या दिसायला लागल्या. मग सासरे उठले. ते पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. म्हणाले, ‘ब्रश ओढू नको, स्पंजचा तुकडा घे, रंग निथळून घे आणि उभा उभा टेकव.’ पुढचे सगळे चौकोन त्यांनीच टेकवले, चष्मा कपाळावर चढवून, दोन दुपारी. कडा अशा आल्या की छापल्यासारख्या. एक दिवस वाळू दिलं, उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली, मग शिवायला दिलं.

एसटीनं गेलो. खंबाटकी उतरेपर्यंत रेवा एक शब्द बोलली नाही. दारात रांग तासाभराची होती. आत गेल्यावर तिनं माझा हात इतका घट्ट धरला की मला वाटलं, परत चल म्हणते की काय. आवाज फार होता. पहिली वीस मिनिटं आम्ही भिंतीला टेकून नुसत्या उभ्या होतो, पाणी प्यायलो. कुणी जाणार असेल तर त्यानंही हे करावं, लगेच गर्दीत शिरू नये.

मग समोरून एक मुलगी आली, गुलाबी किमोनो, तोंडात बांबू. नेझुको! म्हणजे तांजिरोची बहीणच. ती लांबूनच ‘ओनीचान!’ म्हणून ओरडली, जपानीत दादा. आणि रेवा, जी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते ती रेवा, हात वर करून धावली. ती मुलगी निघाली इस्लामपूरची! साताऱ्याहून तास-दीड तासाच्या अंतरावर. दोघी दिवसभर एकत्र होत्या. मी आणि तिची आई एका कोपऱ्यात बसून दशम्या खाल्ल्या (नेऊ दिल्या).

फोटो खूप जणांनी काढले, बहुतेकांनी विचारून. एकानं कमरेत हात घालायचा प्रयत्न केला. रेवानं ते वाक्य म्हटलं. आवाज थोडा कापला, पण म्हटलं. तो बाजूला झाला. शाईताई, तुम्हाला मनापासून धन्यवाद.

चुकलं ते असं. परतीची गाडी लवकरची धरली होती, त्यामुळे कॉस्प्ले स्पर्धेचा शेवट राहिला. मुक्काम केला असता तर बरं झालं असतं. पाण्याची एकच बाटली नेली होती, दोन हव्या होत्या. आणि तलवारीची मूठ सैल झाली. फोमवालेदादा, आम्ही पाचच मिनिटं थांबलो होतो दाबायच्या आधी.

पाच हजार सहाशे खर्च झाला सगळा मिळून. तिनं चार स्टिकर आणि एक प्रिंट घेतली, फोल्डरमध्ये घालून आणली.

---

शाई_आणि_कागद (सातारा)

ती प्रिंट माझ्याच टेबलावरची! हिरव्या चौकड्यांतली, वही दाखवणारी मुलगी ती रेवा होती तर. तिच्या वहीतला तो एसटी स्टँडवर बसलेला म्हातारा मला अजून आठवतोय. रविवारी सकाळी तिला माझ्याकडे पाठवा, छपाईचा कागद दाखवते.

---

जांभळी_छत्री (कराड)

पुढच्या वेळी मीही येणार, नक्की. ताई, तो चार इंची साचा अजून आहे का तुमच्याकडे?

---

रेवाची_आई (सातारा)

आहे. सासऱ्यांनी त्याला मेण लावून कपाटात ठेवलाय. म्हणाले, पुठ्ठा रंग पिऊन फुगतो, पुढच्या वेळी लागेल. कधीही या, आणि कापड आधी धुऊन आणा.